घरकुल जोत्यातच ठरतं: विदर्भातल्या आवास योजनेचं परीक्षण

कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या विदर्भातल्या कुटुंबासाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही आजवरची सगळ्यात उपयोगी सरकारी योजना आहे, हे आमचं मत आधीच सांगून टाकतो. तरीही एकाच गावात, एकाच वर्षी, सारख्याच रकमेत बांधलेली तीन घरकुलं पाहिली तर एक ठणठणीत उभं असतं, दुसऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरपी चीर गेलेली असते आणि तिसऱ्याच्या जोत्यावर बाभळी उगवलेल्या असतात. हा फरक बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन महिन्यांत, जोता भरेपर्यंतच पडून गेलेला असतो. म्हणून या परीक्षणात आम्ही जोत्यावर जास्त बोलणार आहोत.

आधी ज्याच्या जागी हे घर येतं ते पाहू. पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा कुड, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर गवत किंवा सिंदीच्या फांद्या आणि हाताशी पैसा आला की अर्ध्या भागावर टिन. मृगाआधी दरवर्षी शाकारणी करावी लागते. मेढी जमिनीत गाडलेल्या असतात, त्यामुळे तीन-चार वर्षांत बुडातून उधई लागते. चुलीची ठिणगी उडून आग लागण्याची भीती उन्हाळाभर आणि विंचू-सापाची भीती पावसाळाभर. ज्या घराची डागडुजी दरवर्षी आठ-दहा दिवसांची मजुरी खाते, ते घर स्वस्त नसतं. हे ओळखून 30 वर्षं टिकेल असं घर द्यायचं, हा या योजनेचा पाया आहे आणि तो बरोबर आहे.

योजना 1 एप्रिल 2016 पासून लागू झाली, इंदिरा आवास योजनेच्या जागी. घराचं किमान क्षेत्रफळ 20 चौरस मीटरवरून 25 चौरस मीटर केलं, म्हणजे 269 चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. सपाट भागात अनुदान 1,20,000 रुपये. गडचिरोली-गोंदियासारख्या नक्षलग्रस्त, दुर्गम म्हणून धरलेल्या जिल्ह्यांत 1,30,000. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. यापलीकडे रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर 90 दिवसांची मजुरी (दुर्गम भागात 95) आणि शौचालयाचे वेगळे 12,000. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 2028-29 पर्यंत आणखी 2 कोटी घरांना मंजुरी दिली. महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये या दुसऱ्या टप्प्यासाठी वरून 50,000 रुपये देण्याचं ठरवलं: 35,000 बांधकामाला आणि 15,000 छतावरच्या सौर पॅनलला. त्याच वर्षीच्या रेती धोरणात घरकुलाला 5 ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती मोफत ठेवली. वाहतूक मात्र आपली आपण करायची.

ही रक्कम पुरते का, हा गावात सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न. त्याचं सरळ उत्तर असं आहे: घर 269 फुटांचंच बांधलं तर थोडी कमी पडते, त्याहून मोठं बांधलं तर बुडवते.

हिशोब मांडून पाहा. दोन खोल्या, प्रत्येकी आतून साधारण 10 बाय साडेतेरा फूट. भिंती 9 इंची, मधली भिंत साडेचार इंची. बाहेरून माप येतं 22 बाय 15. जोत्यापासून छत 9 फूट उंच. या घराला जोत्यासकट 8 ते 9 हजार विटा लागतात. सिमेंट 105 ते 110 थैल्या. लोहा सगळा मिळून साडेचार क्विंटलच्या आसपास, त्यातला मोठा वाटा एकट्या स्लॅबमध्ये जातो. गिट्टी अडीच ब्रास. जोता दोन फूट भरायचा तर मुरूम साडेपाच ब्रास. रेती बांधकामाला, स्लॅबला, प्लास्टरला धरून साडेचार ब्रास, म्हणजे मोफतची 5 ब्रास नेमकी या मापाच्या घराला पुरते.

आता दर टाका. सिमेंटची थैली 370 रुपये, वीट 7 रुपये, लोहा 60 रुपये किलो, गिट्टी 4,000 रुपये ब्रास असे दर धरले, मिस्त्री आणि सेंट्रिंगचे (स्लॅबखालचे पाटे-टेकू) 60,000, दारं-खिडक्यांचे 18,000, मुरूम, रेतीची वाहतूक, वायरिंग, रंग असं सगळं धरलं तर बेरीज 2,35,000 च्या आसपास जाते. तुमच्या तालुक्यातले दर वेगळे असतील. तेच आकडे घालून पुन्हा गुणाकार करा. समोर जमा काय? 1,20,000 अधिक 35,000 अधिक रोहयोची मजुरी. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता, त्या दराने 90 दिवसांचे 28,080. एकूण 1,83,080. शौचालयाचे 12,000 शौचालयातच जातात, ते यात धरू नका. म्हणजे 50,000 ची तूट. ती जुन्या घराच्या टिना, लाकूडफाटा, घरच्यांचे हात आणि थोडी उसनवारी यातून भरून निघते. योजनेत 70,000 पर्यंत बँकेचं कर्ज घेण्याची सोय आहे. ती कागदावर चांगली आहे, पण शेतमजुराला हे कर्ज द्यायला शाखा सहजी तयार होत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर जोता मारू नये.

आणि इथेच पहिली चूक होते. मंजुरी आली की घरात चर्चा सुरू होते: पोराचं लग्न व्हायचं आहे, एक खोली वाढवू, घर एकदाच बांधतो माणूस. जोता साडेचारशे-पाचशे फुटांचा मारला जातो. साडेचारशे फुटांच्या घराचा खर्च वरच्याच दराने सव्वातीन लाखांवर जातो आणि मदत एका रुपयानेही वाढत नाही. मोठ्या जोत्यातच विटा, मुरूम, सिमेंट मिळून दुसऱ्या हप्त्याइतका पैसा जिरतो. भिंती खिडकीपर्यंत येतात, काम थांबतं. तिसरा हप्ता छताच्या टप्प्याशी बांधलेला, छत घालायला पैसा नाही. अपूर्ण घरकुलांच्या यादीत जी नावं वर्षानुवर्षं राहतात, त्यांच्यात हा प्रकार सर्वाधिक आढळतो. घर वाढवायचंच असेल तर मार्ग आहे: नकाशा असा घ्या की मागच्या बाजूला पुढे खोली जोडता येईल, त्या बाजूच्या प्लिंथ बीममधून (जोत्याच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यातून) लोह्याची टोकं फूटभर बाहेर ठेवा आणि त्यांना सिमेंटचा घोल लावून गंजण्यापासून वाचवा. आज मात्र 269 फूटच.

जमिनीकडे येऊ. योजनेची आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. मुरमाड जमिनीवरच्या घराला आणि दहा फूट खोल काळ्या मातीवरच्या घराला एकच रक्कम मिळते. अकोला, बुलडाणा, अमरावती, वाशीम, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांत काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मार्चनंतर वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखालीही असते. भिंतीच्या बाहेरची माती आधी वाळते, आतली ओली राहते, आणि पाया एका कडेने खाली बसतो. म्हणून चिरा पावसाळ्यात नाही, एप्रिल-मे महिन्यात उघडतात, आणि खिडकीच्या, दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या चढतात. प्लास्टर चोपडून ही चीर जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा येते.

काळ्या जमिनीत करायचं काय? आधी जागेच्या दोन कोपऱ्यांत चार-पाच फुटांचे खड्डे खणून बघा. मुरूम लागला तर पाया त्याच्यावर टेकवा, मध्ये थांबू नका. मुरूम लागत नसेल तर चर रुंद घ्या, तळाशी निदान फूटभर मुरूम आणि रेती थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोका, मग काँक्रीट. खणून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरायची नाही. हे वाक्य जाड अक्षरात लिहावं असं आहे, कारण मुरूम वाचवण्यासाठी ही माती आत ढकलली जाते आणि दोन वर्षांत फरशी मधोमध उचलली जाते. जोत्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी आणि मधल्या भिंतीखाली प्लिंथ बीम हवा: 9 इंच रुंद, 9 इंच खोल, वर दोन आणि खाली दोन 10 मिलिमीटरच्या सळया, दर 6-7 इंचांवर रिंग. मधल्या भिंतीसकट साडेचौऱ्याऐंशी फुटांचा हा बीम. त्यासाठी सिमेंट-लोहा मिळून 12 ते 14 हजार जास्त जातात. आठ हजारांचं दार चार हजारांचं करा, पण हा बीम टाळू नका. घराभोवती तीन फुटांचा उताराचा पट्टा करा, मुरूम ठोकून किंवा तुकडा-फरशीचा, म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरणार नाही. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडणं हे तर काळ्या जमिनीत आपल्या हाताने पाया उकरण्यासारखं आहे.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. तिथल्या बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमध्ये लोहा लवकर गंजतो, फुगतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. स्लॅब, बीम आणि लिंटलपुरतं (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यापुरतं) तरी नळयोजनेचं किंवा टँकरचं गोडं पाणी वापरा. तीस थैल्यांच्या स्लॅबला कालवायला आठ-नऊशे लिटर लागतं. तेवढी सोय होते.

पूर्व विदर्भात गोष्ट वेगळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात मुरूम बहुतेक ठिकाणी लवकर लागतो, पायाला खर्च कमी येतो. तिथली अडचण ओल आणि उधई. जोत्याच्या माथ्यावर दीड इंचाचा ओलप्रतिबंधक थर वॉटरप्रूफ पावडर घालून केलाच पाहिजे, आणि जोता धानाच्या बांधीच्या पाण्यापेक्षा निदान दोन फूट वर. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत साहित्य पोचवणं हेच अर्धं काम. पावसात रस्ते तुटतात, म्हणून मे संपायच्या आत विटा, गिट्टी, रेती जागेवर पडलेली हवी. सिमेंट तेवढं मागाहून आणा. दोन-तीन महिने दमट हवेत राहिलेल्या थैलीत गोळे होतात आणि ताकद जाते.

स्लॅबबद्दल थोडं सविस्तर, कारण तो एकाच दिवसात होतो आणि चूक झाली तर दुरुस्त होत नाही. आधी हे लक्षात घ्या की योजनेत स्लॅबच हवा अशी सक्ती नाही. टिकाऊ छत हवं. तरी गावात पक्कं घर म्हणजे स्लॅब हेच समीकरण आहे. साडेचार इंच जाडीच्या स्लॅबला 30 थैल्या सिमेंट, सव्वा ब्रास गिट्टी, पाऊण ब्रासला थोडी कमी रेती. सिमेंट, रेती, गिट्टीचं माप एकास दीडास तीन. एका थैलीला पाणी 25 ते 28 लिटर, त्याहून जास्त नाही. मिस्त्रीला पातळ माल आवडतो कारण तो पटकन पसरतो. पण पाणी जास्त झालेला स्लॅब वाळताना केसासारख्या चिरा सोडतो आणि पहिल्याच पावसात ठिबकतो. दहा फुटांच्या गाळ्याला 8 मिलिमीटरच्या सळया 5 ते 6 इंचांवर, आडव्या 8 इंचांवर. मधल्या भिंतीवर सळई वरच्या बाजूला उचललेली हवी.

आता सेंट्रिंगवर चढून एक गोष्ट डोळ्यांनी बघा: सळई पाट्याला टेकलेली आहे का. बहुतेक घरकुलांत ती टेकलेलीच असते. सळईखाली पाऊण इंचाचे सिमेंटचे ठोकळे आदल्या आठवड्यात घरीच पाडून ठेवायचे आणि दर तीन फुटांवर सरकवायचे. तारेसकट ठोकळा पाडायला खर्च जवळपास शून्य. ते नसले की सळई स्लॅबच्या अगदी तळाशी येते, पाच-सात वर्षांत खालून तांबूस रेषा दिसू लागतात, मग प्लास्टर फुगतं आणि एक दिवस पोपडा अंगावर पडतो. ज्या गावात इंदिरा आवासची जुनी घरं आहेत, तिथे छताकडे पाहिलं की या रेषा सळईच्या जाळीसारख्या चौकटी-चौकटींत दिसतात. तीच चूक नव्या घरात पुन्हा होते आहे.

स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचे आळे करून पाणी भरा आणि निदान 10 दिवस, जमलं तर 14, पाणी आटू देऊ नका. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्या उन्हात स्लॅब टाकायचाच असेल तर पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवा आणि ओल्या पोत्यांनी झाका. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं. सेंट्रिंगवाल्याला पाटे दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते. त्याच्याशी आधीच दिवस ठरवून घ्या आणि टेकू 10 दिवसांच्या आत काढू देऊ नका.

भिंतींबद्दल एवढंच की कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस या वीज केंद्रांच्या टापूत राखेच्या विटा मिळतात. धारा सरळ, माप सारखं, त्यामुळे प्लास्टर पातळ लागतं. भट्टीची लाल वीट घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज हवा. आणि एक वीट रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कोपरा नखाने खरवडून बघा.

हप्ते हा योजनेचा दुसरा कमकुवत भाग. रक्कम टप्प्याटप्प्याने थेट खात्यात येते, आणि ठेकेदाराला कामच द्यायचं नाही, लाभार्थ्यानेच बांधायचं, हा नियम आम्हाला योजनेतला सगळ्यात चांगला नियम वाटतो. पहिला हप्ता 15,000 चा. पुढचे जोता, छत आणि घर पूर्ण या टप्प्यांवर. या पुढच्या हप्त्यांच्या रकमा वेळोवेळी बदललेल्या आहेत, म्हणून आपल्या मंजुरीच्या वर्षात कोणत्या टप्प्याला किती मिळणार हे पंचायत समितीत लेखी पाहून घ्या. प्रत्येक टप्प्याला ग्रामीण गृहनिर्माण अभियंता किंवा ग्रामपंचायतीचा माणूस येऊन मोबाइलवर जिओ-टॅगचा (जागेची नोंद असलेला) फोटो काढतो, तो वर चढला की पैशांचा आदेश निघतो. फोटो वेळेवर काढला जात नाही, हे अडण्याचं पहिलं कारण. दुसरं, आदेश निघाला पण पैसे परतले. आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं, खातं वर्षभर व्यवहार न झाल्याने निष्क्रिय असतं, किंवा आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही. मंजुरीचा कागद हातात पडायच्या आधीच बँकेत जाऊन हे तीन तपासा. फोटो काढायला किंवा हप्ता सोडायला कुठलीही फी नाही. कोणी मागितली तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तिथे हललं नाही तर जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आणि आपले सरकार पोर्टल.

रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, वेगळं सांभाळावं लागतं. 90 दिवसांची मजुरी आपोआप येत नाही. जॉबकार्ड चालू हवं, घराच्या कामाचा संकेतांक निघायला हवा आणि टप्प्यानुसार हजेरी लागायला हवी. घर पूर्ण झाल्यावर मागे जाऊन हजेरी भरता येत नाही. अनेक कुटुंबं हे 28,080 रुपये फक्त विचारलं नाही म्हणून गमावतात. जोत्याची कुदळ पडायच्या आधी ग्रामरोजगार सेवकाला भेटून मागणीचा अर्ज द्या आणि पोचपावती ठेवा.

वेळेचा मेळ हेही मोठं दुखणं. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्याच्या कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं दिली गेली, 10 लाख जणांना पहिला हप्ता. आकडा मोठा आणि आनंदाचा. पण फेब्रुवारीत मंजुरी म्हणजे काम मार्च-एप्रिलमध्ये सुरू, एकाच वेळी गावोगाव. मिस्त्री मिळत नाही, विटांचा भाव चढतो, आणि 10 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत नदीतून रेती काढायला बंदी. जोता होतो, पाऊस लागतो, काम थांबतं. मोफत रेतीचा पासही तहसीलमधून वेळेत निघाला तरच कामाचा. घाटावर रेती नसेल तर तो नुसता कागद. म्हणून पास मिळताच पाचही ब्रास एकदम आणून ताडपत्रीखाली ठेवा, टप्प्याटप्प्याने आणू म्हणून थांबू नका. मंजुऱ्या दिवाळीच्या आसपास निघाल्या तर विदर्भातली निम्मी रखडलेली कामं रखडणार नाहीत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आणि जुनी झोपडी पाडण्याची घाई करू नका. जागा एकच असेल तर पाडावीच लागते, पण आवारात थोडी मोकळी जागा असेल तर नवा जोता बाजूला मारा. फेब्रुवारीत झोपडी पाडलेलं कुटुंब जुलैत प्लास्टिकच्या कागदाखाली चूल मांडून बसतं, हे दृश्य विदर्भात दरवर्षी दिसतं. योजनेत तात्पुरत्या निवाऱ्याला एक रुपयाही नाही. तो असायला हवा.

यादीत नाव येण्याबद्दल थोडक्यात. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतली यादी संपत आल्यावर 2018 च्या आवास प्लस सर्वेक्षणाची, म्हणजे आपल्याकडे जिला ‘ड’ यादी म्हणतात ती, पुढे आली. 2024 च्या आवास प्लसमध्ये स्वतः मोबाइलवरून माहिती भरण्याची सोय झाली. निकषही सैल झाले: दुचाकी, फ्रिज असल्याने आता नाव कटत नाही, आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा 10,000 वरून 15,000 झाली. अडीच एकर बागायती किंवा पाच एकर कोरडवाहू मात्र अजूनही अपात्र करतं. कोरडवाहू पाच एकराचा नियम विदर्भावर अन्याय करणारा आहे. वणी-पांढरकवड्याकडच्या पाच एकर कोरडवाहू कपाशीत घर बांधण्याइतकं उरत नाही, हे कृषी खात्यापासून सगळ्यांना माहीत आहे.

नाव या यादीत नसेल तर दुसरी दारं ठोठावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी पारधी आवास, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. यवतमाळचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया यांना नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून घरासाठी 2 लाख मिळतात. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत, आता 1 लाखापर्यंत. जागा आहे पण नमुना आठ (ग्रामपंचायतीतला घर-जागेचा उतारा) अजून आजोबांच्या नावावर, हा प्रकार तर घराघरात. वारसांची नोंद आणि भावांचं संमतीपत्र हे काम मंजुरीनंतर करायला बसलात तर तीन-चार महिने जातात. आजच करा.

राहता राहिली ती उन्हाची गोष्ट. झोपडीतला माणूस नव्या घरात गेला की पहिल्या मे महिन्यात अंगणात झोपतो. गवताचं छप्पर थंड असतं. साडेचार इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत आग ओकतो. योजनेच्या नमुना नकाशांत याचा विचार तोकडा आहे. उपाय महाग नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी देऊ नका. समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ फूट बाय फुटाचे झरोके ठेवा, जाळी लावून. खिडक्यांवर दीड फुटाचे छज्जे लिंटलबरोबरच टाका. मार्चमध्ये स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या. फेविकॉल किंवा डिंक मिसळला की चुना एक पावसाळा तग धरतो. टिनाचं छत केलं असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं अस्तर बांधा, मध्ये वीतभर पोकळी ठेवून, आणि टिना भिंतीत गाडलेल्या हुकांना आवळा, नाहीतर मे महिन्याचं वादळ त्या शेजारच्या वावरात नेऊन टाकतं. झोपडीच्या पुढचा मांडव मोडू नका. तुराट्यांचा मांडव नव्या दारापुढे तसाच उभारला की दुपार त्याखाली निघते.

चुलीलाही जागा ठरवा. 269 फुटांत स्वयंपाकाची जागा धरलेली असते, पण गॅस संपला की चूल पेटतेच, आणि धुराडं नसलेल्या स्लॅबच्या खोलीत धूर झोपडीपेक्षा जास्त कोंडतो, कारण गवतातून तो निघून जायचा. भिंत बांधतानाच 4 इंची सिमेंटचा पाइप धुराड्यासाठी सोडा. शौचालयाचे दोन शोषखड्डे घेताना काळ्या मातीत पाणी मुरत नाही हे लक्षात ठेवून खड्ड्याभोवती फूटभर रेतीचा वेढा द्या, दोन्ही खड्ड्यांत निदान तीन फुटांचं अंतर आणि घराच्या पायापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं.

योजना म्हणून आमचं मूल्यमापन असं: थेट खात्यात पैसा आणि स्वतः बांधण्याची मुभा, यात ती उत्तम. रक्कम 2025 च्या वाढीनंतर जवळपास कामापुरती. तांत्रिक मदत अपुरी. एका अभियंत्याकडे इतकी गावं असतात की तो फोटोला येतो, पायाच्या चराला येत नाही. म्हणून चर खणून झाल्याच्या दिवशी त्याला फोन करून बोलवा, पहिल्या काँक्रीटच्या आधी. जमत नसेल तर चराची खोली टेपसकट मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत माल टाकू नका.

शेवटचा हप्ता पडला की बरीच कुटुंबं कागद गुंडाळून ठेवतात. तेव्हा आणखी तीन कामं उरलेली असतात. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठवर नव्या पक्क्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने करून घ्यायची, त्याच उताऱ्यावर वीज मीटरचा अर्ज करायचा, आणि सौर पॅनलच्या 15,000 साठी मीटर बसल्यावर ग्राहक क्रमांक घेऊन पंचायत समितीत जायचं. मीटर नसेल तर पॅनलचा अर्ज पुढे सरकत नाही.